सेवा शिकावीच लागते

बीड जिल्ह्याच्या परळी-अंबाजोगाई परिसरात धर्मापुरी नावाचे एक पुरातन गाव आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात वैभवाला पोहोचलेल्या या गावात केदारेश्वराचे मंदिर आजही उभे आहे. मंदिराच्या बाह्य भिंतींवरील सुरसुंदरींची शिल्पे पाहणारा मनुष्य क्षणभर थबकतो. भाविक तेथे हात जोडतो, अभ्यासक टिपणे काढतो. मात्र एक साधा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. त्या काळी केदारेश्वरावर श्रद्धा तर साऱ्या गावाची असणार. मग छिन्नी साऱ्या गावाच्या हाती का दिली गेली नाही? उत्तर उघड आहे. श्रद्धा सर्वांची असली तरी दगड घडवण्याची विद्या शिकलेल्यांचीच होती. अननुभवी हाताचा एक घाव चुकला तर शिळा भंगते, आणि भंगलेली शिळा भक्तीने सांधली जात नाही, हे त्या समाजाला पक्के ठाऊक होते.

दगडाच्या बाबतीत जे शहाणपण आपल्या पूर्वजांनी दाखवले, ते माणसाच्या बाबतीत आज आपण दाखवतो का, हा खरा प्रश्न आहे.

दसरा ओसरला की धर्मापुरीच्या पंचक्रोशीसह बालाघाटच्या कुशीतील गावांचे रूप पालटू लागते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवराबायकोचा 'कोयता' ट्रॅक्टरमध्ये किंवा बैलगाडीत संसार भरतो आणि पश्चिम महाराष्ट्राची अथवा कर्नाटकाची वाट धरतो. घरांना कुलपे लागतात. मागे उरतात थकलेले आजीआजोबा आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली शाळकरी मुले. ज्यांना मागे ठेवता येत नाही ती मुले फडावरच्या कोपीत राहतात, धाकटे भावंड सांभाळतात, वाढे गोळा करतात. चार-पाच महिन्यांनी कोयता परततो तेव्हा शाळेचे वर्ष संपत आलेले असते आणि मुलाचे शिक्षण बहुधा त्याच्या आधीच संपलेले असते.

या जिल्ह्याच्या जखमा आता आकड्यांनीही बोलतात. २००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २०११ साली ही संख्या ८०७ वर घसरली. राज्यात हा नीचांक होता. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, वीस ते चोवीस वयाच्या तरुणींपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचे या जिल्ह्यात आढळले. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याचा विषय २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्यात कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या आत्महत्या आणि त्यांच्या मागे उघड्या पडलेल्या विधवांची भर घातली की चित्र पूर्ण होते. लेकरे, कुटुंबे आणि गावे या तिन्हींना एकाच वेळी आधार हवा आहे, असा हा प्रदेश आहे.

आणि याच प्रदेशातील एखादा हुशार मुलगा किंवा मुलगी बारावीनंतर 'मला समाजकार्याची पदवी घ्यायची आहे' असे म्हणते, तेव्हा घरातून काय उत्तर मिळते?

दोन तोंडांचा आक्षेप

उत्तर दोन तोंडांनी मिळते. मध्यमवर्गीय आईवडील म्हणतात, 'त्यात पुढे काय आहे? डी.एड. कर, स्पर्धा परीक्षा दे, नाहीतर पुण्याला जाऊन संगणक शीक.' शाखेत वाढलेला, सेवाकार्यात आयुष्य घातलेला ज्येष्ठ कार्यकर्ता वेगळ्या दिशेने तेच सांगतो: 'अरे, सेवा ही काय शिकायची गोष्ट आहे? ती रक्तात असावी लागते. सेवेची पदवी घेणारे पगारासाठी सेवा करतात.' पहिल्याला या शिक्षणात पैसा दिसत नाही म्हणून ते नको आहे आणि दुसऱ्याला त्यात पैसा दिसतो म्हणून नको आहे! दोघांच्या कात्रीत सापडलेला तो तरुण मुकाट्याने भलतीच वाट धरतो आणि गावाच्या वाट्याला पुन्हा कोणीच येत नाही.

पैकी दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो सद्भावनेच्या वेषात येतो. सेवाभाव उपजत असावा लागतो, हे कोण नाकारील? परंतु उपजत असलेली गोष्ट शिकवावी लागत नाही, हा निष्कर्ष कोठून निघाला? कंठ उपजत असतो म्हणून गवई रियाज सोडतो काय? लातूरला १९६६ साली विवेकानंद रुग्णालय उभे करणाऱ्या डॉक्टरांनी रुग्णसेवेचा संकल्प केला तो वैद्यकीय पदव्या घेऊन. केवळ कळवळ्याच्या बळावर त्यांनी कोणाच्या पोटावर शस्त्र धरले नाही. संघाच्या शाखेत साधा गट सांभाळायचा तरी वर्ग करावे लागतात. दंडाचे प्रहार शिकायला शिक्षण लागते, घोषाचे वादन शिकायला शिक्षण लागते, आणि बापाने गळफास घेतलेला पाहिलेल्या दहा वर्षांच्या मुलाशी काय बोलावे एवढे मात्र उपजत येते, असे मानणे हा कोणता तर्क आहे?

सद्भावनेने होणारी हानी

एक नेहमीचा प्रसंग घ्यावा. गावात चौदा वर्षांच्या मुलीचे लग्न ठरल्याची कुणकुण एका तळमळीच्या कार्यकर्त्याला लागते. तो चार जणांना घेऊन त्या घरी जातो, बापाला खडसावतो, कायद्याचा धाक घालतो. मंडप उतरतो. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात 'बालविवाह रोखला' अशी बातमी येते, कधी मुलीच्या आडनावासह, कधी छायाचित्रासह. कार्यकर्ता समाधानाने पुढच्या कामाला लागतो. महिनाभरात तेच लग्न दूरच्या नातेवाइकांच्या गावी, रात्रीच्या वेळी, चार माणसांत उरकले जाते. कार्यकर्त्याला पत्ताही नसतो; आणि असला तरी त्या घराचे दार त्याला कायमचे बंद झालेले असते.

चूक कोठे झाली? चूक हेतूत नव्हती, ती अज्ञानात होती. ऊसतोडीला जाणाऱ्या बापासमोर पेच असा असतो की वयात आलेली मुलगी गावी एकटी ठेवता येत नाही आणि फडावरच्या उघड्या कोपीत नेताही येत नाही. लग्न हा त्याच्या दृष्टीने तिच्या सुरक्षिततेचा बंदोबस्त असतो. शिवाय लग्न झालेली पोर नवऱ्याबरोबर नवा कोयता होते, हा हिशेबही सासरी मांडलेला असतो. ही गाठ न सोडवता केवळ लग्न मोडणे म्हणजे तापाला औषध न देता तापमापक फोडून टाकणे होय.

समाजकार्याचे शिक्षण घेतलेला माणूस याच घरात वेगळ्या रीतीने शिरतो. तो आधी ऐकतो. मुलीशी स्वतंत्रपणे बोलतो. घरातला खरा निर्णय कोण घेतो, आजी की चुलता की मुकादम, हे हेरतो. ग्रामीण भागात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, हे त्याला ठाऊक असते. २००६ च्या कायद्याच्या तेराव्या कलमाखाली न्यायदंडाधिकाऱ्याकडून मनाई हुकूम मिळवता येतो आणि तो मोडून झालेला विवाह मुळातच रद्दबातल ठरतो, हेही त्याला माहीत असते. बाल कल्याण समितीपुढे प्रकरण कसे न्यावे, हंगामी वसतिगृहात किंवा शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काढलेल्या संत भगवानबाबा वसतिगृहात जागा कशी मिळवावी, हे तो जाणतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो पुन्हा जातो. पुढच्या आठवड्यात, पुढच्या महिन्यात, पुढच्या दसऱ्याला. वहीत नोंद ठेवतो. त्याचे नाव वृत्तपत्रात येत नाही, मुलीचे तर नाहीच नाही. बालन्याय कायद्याने तिची ओळख उघड करण्यास बंदी आहे, हे त्याने पहिल्याच वर्षी शिकलेले असते.

याहून नाजूक बाब अत्याचाराच्या प्रकरणांची आहे. अल्पवयीन मुलीवर अतिप्रसंग झाला की गावातील प्रतिष्ठित, कधी कधी चांगले कार्यकर्तेही, 'पोरीची बेअब्रू नको' म्हणून बैठक बसवतात आणि तडजोड करून देतात. असा गुन्हा कळूनही पोलिसांना न कळवणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार स्वतःच गुन्हा आहे, हे त्यांच्या गावीही नसते. मुलीच्या मनावर त्या 'समेटा'ने कोणता घाव बसतो, हा तर त्याच्या पलीकडचा प्रश्न आहे. सद्भावना अशी गुन्ह्याची भागीदार होते.

ही परंपरा परक्यांची नव्हे

समाजकार्याचे शिक्षण हे पाश्चात्त्य खूळ आहे, असाही एक समज मोठ्या अभिनिवेशाने मांडला जातो. त्याला आधार म्हणून १९३६ सालाकडे बोट दाखवतात. त्या वर्षी मुंबईत 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' सुरू झाले. तीच पुढे १९४४ पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. तिचे पहिले संचालक डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकेहून आलेले मिशनरी होते आणि नागपाड्याच्या वस्तीत ते आधीपासून काम करीत होते. अभ्यासक्रमाचा साचा अमेरिकन होता, ही गोष्टही खरी.

परंतु इतिहास १९३६ साली सुरू होत नाही. १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन करणाऱ्या नारायण मल्हार जोशी यांच्या या संस्थेने १९२० साली समाजसेवकांसाठी प्रशिक्षणवर्ग घेतला होता. गिरणगावच्या चाळींत नुसता कळवळा पुरत नाही, हे या मराठी माणसाने अमेरिकन शाळेच्या सोळा वर्षे आधी ओळखले. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन उभे राहिले, तेव्हा तेथील स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येचे रीतसर शिक्षण घ्यायला पाठवण्यात आले; सनातनी पुण्याची नाराजी पत्करून पाठवण्यात आले. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला तो विधवांना केवळ आसरा देण्यासाठी नव्हे. त्यांना शिकवून उभे करण्यासाठी काढला. त्यांच्याच नावाची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून पुण्यात समाजकार्याचे शिक्षण देत आली आहे.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर निझामी अमलात स्वामी रामानंद तीर्थ आणि बाबासाहेब परांजपे यांनी अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयातून जे घडवले ते केवळ परीक्षार्थी विद्यार्थी नव्हते. समाज कसा बांधावा, भीती कशी मोडावी, माणसे कशी जोडावीत याचेच ते शिक्षण होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामात त्याची फळे दिसली. तेव्हा सेवेला शिक्षण लागते हा विचार आपला आहे. आपण तो सोडून दिला, म्हणून तो परका वाटू लागला.

सोडून दिलेल्या घरात दुसरे राहायला येतात, यात नवल नाही. राज्यातील समाजकार्याच्या अनेक शिक्षणसंस्थांमध्ये आज एका विशिष्ट विचाराचा वरचश्मा दिसतो, अशी तक्रार राष्ट्रवादी विचारांच्या वर्तुळात नित्य ऐकू येते. तक्रार निराधार नाही. परंतु ती करणाऱ्यांनी आपल्या घरातील किती मुले त्या वर्गांत पाठवली, किती जणांना त्या विषयाचे प्राध्यापक होऊ दिले, मराठीत किती पाठ्यपुस्तके लिहिली, याचा हिशेब द्यावा. रिकाम्या बाकावर कोण बसले, यावर त्रागा करण्याचा अधिकार बाक रिकामे ठेवणाऱ्याला नसतो.

या संदर्भात अंबाजोगाईचेच उदाहरण डोळे उघडणारे आहे. समाजवादी विचारांचे डॉ. द्वारकादास लोहिया यांनी 'मानवलोक' ही संस्था उभी केली, दुष्काळी गावांत काम केले आणि समाजकार्याचे महाविद्यालयही चालवले. विचारांचे अंतर मान्य करूनही ही दूरदृष्टी मान्य करावीच लागेल. काम उभे करायचे तर काम करणारी पुढची पिढी शिकवून तयार करावी लागते, हे त्यांनी जाणले.

पोथीनिष्ठ विद्यापीठांचा दोष

याचा अर्थ विद्यमान समाजकार्य शिक्षण निर्दोष आहे, असा मुळीच नव्हे. त्याची झाडाझडती घेतलीच पाहिजे. या क्षेत्राने मोठी कामे केली आहेत, यात शंका नाही. १९८४ साली टाटा संस्थेने मुंबई पोलिसांच्या साह्याने छळग्रस्त स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला. संकटातील मुलांसाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवा १९९६ साली त्याच संस्थेच्या एका प्रकल्पातून जन्मली आणि पुढे देशभर पसरली. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तुळजापूरच्या ग्रामीण केंद्रातील लोक मदतीला धावले. पण अपवादांवर व्यवस्थेचे मूल्यमापन होत नसते.

सर्वसाधारण महाविद्यालयात काय घडते? व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन हे तीन शब्द विद्यार्थी पाठ करतो. त्यांची उदाहरणे मात्र शिकागोच्या किंवा लंडनच्या वस्त्यांतील असतात. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि दोन मुले, असे गृहीत धरणारे पुस्तक त्याला भावकी, सोयरीक, मानपान, वारी, कुलदैवत यांविषयी एक अक्षर सांगत नाही. गावाकडे पाहण्याची जी दृष्टी त्याला दिली जाते तीत जात म्हणजे केवळ अत्याचार, कुटुंब म्हणजे केवळ दडपण आणि देव म्हणजे केवळ अंधश्रद्धा असते. जातीने अन्याय केला आहे आणि कुटुंबात बाई दडपली गेली आहे, हे कोणताही प्रामाणिक हिंदू नाकारणार नाही. परंतु ज्या आजीच्या आधारावर ऊसतोड कामगाराचे मूल सहा महिने जगते, ती आजीही कुटुंबव्यवस्थेचीच देणगी आहे. ज्या सप्ताहात गाव एका पंगतीला बसते, तेथूनच व्यसनमुक्तीची गोष्ट सर्वांच्या कानी जाऊ शकते. गाडगेबाबांनी कीर्तनातून स्वच्छता, शिक्षण आणि कर्जमुक्ती शिकवली. समुदाय संघटनाचा याहून उत्तम पाठ जगातल्या कोणत्या पुस्तकात आहे? ज्याला समाजाची बलस्थाने दिसत नाहीत, तो समाजाच्या दुबळेपणावर उपचार कशाच्या आधारे करणार?

क्षेत्रकार्याची अवस्था तर अधिकच शोचनीय. आठवड्यातून दोन दिवस विद्यार्थ्याने प्रत्यक्ष काम करावे, अशी साधारण व्यवस्था असते. पुष्कळदा हे दोन दिवस तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या कार्यालयात बसून, जुने अहवाल उतरवून पार पडतात. ऊसतोडीचा हंगाम आणि महाविद्यालयाचे वर्ष एकाच वेळी चालू असतात. तरी किती महाविद्यालयांनी आपले विद्यार्थी फडावर पाठवले? मराठवाड्यातील महाविद्यालयाने गावी उरलेली मुले सांभाळावीत, पुणे-सांगली-कोल्हापूरकडच्या महाविद्यालयाने फडावर गेलेली मुले शोधावीत, आणि दोघांनी एकमेकांना पत्ता द्यावा, म्हणजे शासनाचे शिक्षण हमी पत्रक कागदावर न राहता मुलाच्या हाती पडेल. ही कल्पना अशक्य कोटीतील नाही. त्यासाठी परदेशी निधी लागत नाही. प्राध्यापकांनी खुर्ची सोडावी लागते.

शासनाची कंत्राटी करुणा

तिसरा दोषी शासन आहे, मग ते कोणत्याही पक्षाचे असो. डॉक्टरांसाठी परिषद आहे, वकिलांसाठी आहे, परिचारिकांसाठी आहे. समाजकार्यासाठी स्वतंत्र वैधानिक परिषद असावी, ही मागणी अनेक दशके पडून आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या केंद्रीय कायद्यात वैद्यकीय आणि मनोविकारविषयक समाजकार्यकर्त्यांना स्थान मिळाले, एवढेच काय ते हाती लागले. परिणामी गावपातळीवर काम करणाऱ्याची पात्रता कोणती, त्याने चूक केली तर जाब कोणी विचारायचा, हे अनिश्चितच राहिले आहे.

बाल संरक्षणाच्या यंत्रणेत काम करणारी पुष्कळ माणसे कंत्राटी आहेत. तुटपुंजे मानधन, नूतनीकरणाची टांगती तलवार आणि एका माणसाच्या शिरावर डोंगराएवढे क्षेत्र. अशा माणसाने त्या चौदा वर्षांच्या मुलीच्या घरी 'पुन्हा' जावे कसे? ज्या कामाचा प्राण सातत्य हा आहे, ते काम अकरा-अकरा महिन्यांच्या तुकड्यांत वाटणे ही करुणेची थट्टा आहे. पाटबंधाऱ्याचा अभियंता कायम हवा आणि माणसांचे संसार सांधणारा मात्र कंत्राटी चालतो, हा कसला प्राधान्यक्रम?

येथे मध्यमवर्गीय पालकांच्या आक्षेपाचेही उत्तर द्यावे लागेल. 'या शिक्षणात भविष्य नाही' हे त्यांचे म्हणणे आजच्या स्थितीत सर्वस्वी खोटे नाही. परंतु ही स्थिती निसर्गनिर्मित नाही. समाजाने या कामाला किंमत दिली नाही म्हणून ती ओढवली आहे. ज्या घरात मुलाच्या शिकवणीवर वर्षाला लाखभर रुपये सहज खर्च होतात, त्याच घरातील लोक सेवाप्रकल्पाला देणगी देताना 'यातला पैसा पगारावर जाणार नाही ना?' असे विचारतात. इमारतीच्या कोनशिलेवर नाव कोरता येते, कार्यकर्त्याच्या पगारावर कोरता येत नाही, हेच त्याचे खरे कारण. प्रामाणिक वेतन घेतल्याने सेवा बाटत नाही. शिक्षकाने पगार घेतला म्हणून विद्यादान अपवित्र होत नाही, तर मग हाच निकष समाजकार्यकर्त्याला का लावू नये?

यमगरवाडीचा धडा

यावर एक प्रतिप्रश्न हमखास येतो. तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला १९९३ साली भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी जो प्रकल्प उभा राहिला, त्याच्या संस्थापकांकडे समाजकार्याची पदवी होती काय? गिरीश प्रभुणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती पदवी पाहून मिळाली काय?

नाही, आणि म्हणूनच या उदाहरणाकडे नीट पाहिले पाहिजे. अशा माणसांनी शिक्षण घेतले नाही हे म्हणणे वरवरचे आहे. पारध्यांच्या पालांवर वर्षानुवर्षे हिंडून, त्यांची भाषा आणि चालीरीती समजून घेऊन, पोलीस ठाण्यांच्या पायऱ्या झिजवून त्यांनी ते शिक्षण घेतले. त्याची किंमत आयुष्याने मोजली. महापुरुष अपवादाने जन्मतात. अपवादाच्या भरवशावर हजारो गावांची व्यवस्था लागत नाही. पहिल्या पिढीने ठेचा खात जे शिकले ते दुसऱ्या पिढीला वर्गात आणि क्षेत्रात शिकवता आले पाहिजे, नाहीतर प्रत्येक पिढी त्याच दगडाला ठेच खाईल. प्रत्येक कार्यकर्त्याने नव्याने चुकायचे आणि त्या चुकांची किंमत प्रत्येक वेळी एखाद्या गरीब लेकराने मोजायची, याला सेवा म्हणत नाहीत.

तेव्हा कर्तव्य स्पष्ट आहे. ज्या कुटुंबांत सेवेचा संस्कार आहे त्यांनी आपल्या एका तरी मुलाला किंवा मुलीला समाजकार्याच्या शिक्षणाकडे सन्मानाने पाठवावे. ते उरलासुरला पर्याय म्हणून नव्हे, प्रथम पसंती म्हणून. सेवासंस्थांनी प्रत्येक प्रकल्पावर निदान एक प्रशिक्षित कार्यकर्ता नेमावा आणि त्याला संसार चालेल एवढे वेतन द्यावे. अनुभवी कार्यकर्त्यांनी आपले अनुभव सत्कारसमारंभातील आठवणींपुरते न ठेवता पाठ्यपुस्तकांच्या रूपाने मराठीत उतरवावेत. महाविद्यालयांनी फड आणि पाल यांना आपली प्रयोगशाळा मानावे. आणि शासनाने पात्रता, परिषद व कायम पदे या तीन गोष्टी मार्गी लावाव्यात.

पुढच्या दसऱ्यानंतरही धर्मापुरीच्या परिसरातून कोयते निघतील. मागे राहिलेल्या एखाद्या घरात आजी चूल पेटवील, नात शाळेचे दप्तर आवरील, आणि तिच्या लग्नाची बोलणी कोठेतरी सुरू झालेली असतील. त्या दारात जाऊन उभा राहणारा माणूस कळवळ्याचा हवाच. पण काय बोलावे, कोणाशी बोलावे, केव्हा गप्प राहावे आणि पुन्हा केव्हा यावे, हे शिकलेलाही हवा. केदारेश्वराच्या भिंतीवरची शिळा बिघडली असती तर कारागिराला दुसरी शिळा आणता आली असती. त्या दारातल्या मुलीला दुसरे आयुष्य मिळणार नाही.